गोव्यात बसून इंटरमेटॅलिकवर दाब देऊन बघायचाय? डायमंड अँव्हिल सेलची सगळी वाट, पहिल्यापासून

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहितोय ते कळेल. इंटरमेटॅलिक म्हणजे दोन किंवा जास्त धातूंचं ठरावीक प्रमाणातलं कंपाउंड, आणि डायमंड अँव्हिल सेल म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सँपल दाबायचं छोटं यंत्र. मी पहिल्यांदा दाबाखालचा एक्स-रे डेटा घेतला तेव्हा पाच गिगापास्कलच्या आसपास २.०३ आंगस्ट्रॉमजवळ एक नवीन पीक (अणूंच्या थरांमधल्या तेवढ्या अंतरामुळे पॅटर्नमध्ये दिसणारा उंचवटा) आला, आणि मी तीन आठवडे त्याला नवीन फेज, म्हणजे अणूंची नवी मांडणी, समजून इंडेक्स करत बसलो, म्हणजे तो कुठल्या रचनेत बसतो ते शोधत, ऑर्थोऱ्हॉम्बिक, मोनोक्लिनिक, सगळं करून झालं. तो पीक सँपलचा नव्हताच. स्टीलच्या गॅस्केटचा, म्हणजे हिऱ्यांमधल्या पत्र्याचा होता. म्हणून हा लेख लिहिताना माझं एकच म्हणणं आहे: दाबाखाली रचना बदलली असं म्हणण्याआधी दुसरं काय बदललं असू शकतं त्याची एकेक शक्यता बाद करत जायची, आणि खरं काम तेच आहे. हिरे, एक्स-रे, सॉफ्टवेअर हे सगळं नंतर.

फर्मागुडी, ताळगाव, सांकवाळ इकडची एमएससी-पीएचडीची मुलं मला विचारत असतात की सुरुवात कुठून करायची, तर त्यांच्यासाठी मी एकच कंपाउंड धरून शेवटपर्यंत नेतो. मॅग्नेशियम सिलिसाइड, म्हणजे दोन मॅग्नेशियमला एक सिलिकॉन. काही जण म्हणतील हा तर सेमीकंडक्टर आहे, बरोबर आहे, पण इंटरमेटॅलिकच्या पुस्तकांत तो असतोच आणि शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

दाबाने नेमकं होतं काय

आधी दाबाचा अंदाज घेऊ. दोनापावलाच्या जेटीवर उभं राहून विचार करा, समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की साधारण एक बार दाब वाढतो. जगातली सगळ्यात खोल जागा म्हणजे मारियाना खंदक, जवळपास ११ किलोमीटर, तिथे होतो सुमारे ०.११ गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे १०,००० बार, म्हणजे ढोबळ हिशोबाने १०० किलोमीटर खोल समुद्र, जो पृथ्वीवर कुठेच नाही. आणि आपण टेबलावर बसून चार स्क्रू फिरवून १०-२० गिगापास्कल करतो. पृथ्वीच्या मध्यात ३६० च्या आसपास असतो.

आता रचना का बदलते. कमी दाबाला अणू आपल्या बाँडिंगच्या सोयीने बसतात, मध्ये मोकळी जागा राहिली तरी चालते. दाब वाढला की जागा महाग होते. फोंडा-पणजी कदंबा बस सकाळी साडेआठला बघा, आधी सगळे आपापल्या सीटवर, मग माणसं वाढत गेली की लोक नुसते आक्रसत नाहीत, उभं राहायची पद्धतच बदलते, आधी एका माणसाला तीन जण खेटून होते तर आता पाच. अणूंचंही तसंच, एका अणूभोवती किती शेजारी याला कोऑर्डिनेशन नंबर म्हणतात आणि दाबाखाली तो वाढायची प्रवृत्ती असते.

मॅग्नेशियम सिलिसाइडमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. साध्या दाबाला त्याची रचना अँटिफ्लुओराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइडचीच पण जागा उलट्या, प्रत्येक सिलिकॉनभोवती ८ मॅग्नेशियम. सुमारे ७.५ गिगापास्कलला तो अँटिकोटुनाइटमध्ये जातो, लेड क्लोराइडसारखी ऑर्थोऱ्हॉम्बिक रचना, शेजारी ९. आणि २१ च्या आसपास निकेल-इंडियम टाइपची हेक्सागोनल रचना, शेजारी ११. आठ, नऊ, अकरा. हे आकडे मी भिंतीवर लिहून ठेवलेत.

यात अजून एक सुंदर गोष्ट आहे. मॅग्नेशियमच्या खाली पिरिऑडिक टेबलात कॅल्शियम येतो, आणि कॅल्शियम सिलिसाइड, तोही दोनास एक, घरातल्या साध्या दाबालाच अँटिकोटुनाइट रचनेत असतो. म्हणजे हलक्या मूलद्रव्याच्या कंपाउंडला दाबलं की तो त्याच्या जड भावाची रचना घेतो. हा नियम प्रत्येक ठिकाणी चालतो असं नाही, पण नवीन फेज कुठली असेल याचा पहिला अंदाज बांधायला हाच धागा धरायचा, खालच्या ओळीतले भाऊ कुठल्या रचनेत आहेत ते आधी बघून घ्यायचं.

उलट लाव्हेज फेज घ्या, मॅग्नेशियम-कॉपर-दोन किंवा मॅग्नेशियम-झिंक-दोन टाइपचे. तिथे दोन आकारांचे अणू इतके छान बसलेले असतात की ७१ टक्के जागा आधीच भरलेली, शेजारी १२ आणि १६. अशा रचनेला दाबून पटकन काही मिळेल अशी आशा धरू नका. पहिल्या प्रयोगाला मोकळी रचना निवडा.

आणि तिसरा प्रकार, जो मला सगळ्यात जास्त आवडतो, रचनेचं नाव तेच राहतं पण आतून सगळं बदलतं. सिरियम हा धातू सुमारे ०.८ गिगापास्कलला एकदम १५ टक्क्यांच्या आसपास आकसतो आणि आधीही एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर अणू), नंतरही एफसीसी. इंटरमेटॅलिकमध्ये युरोपियम-कोबाल्ट-फॉस्फाइड बघा, ३ गिगापास्कलच्या थोडं वर त्याचा सी अक्ष, म्हणजे रचनेची उभी बाजू, एकदम कोसळतो, टेट्रागोनल ते टेट्रागोनलच, पण युरोपियमचं व्हॅलन्स दोनकडून तीनकडे सरकतं. इथे नवीन पीक एकही येत नाही! फक्त असलेले पीक्स उडी मारतात. म्हणजे 'नवीन पीक शोधा' एवढंच डोक्यात धरलं तर हे हातातून निसटणार.

पायरी १: आधी कॉम्प्युटरवर करून बघा

सेल हातात नसला तरी हे करता येतं आणि फुकट करता येतं. क्वांटम एस्प्रेसो हे रचनांची ऊर्जा काढणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, लिनक्स असलेला बऱ्यापैकी लॅपटॉप पुरतो कारण रचनांचे युनिट सेल (हिऱ्यांचा सेल नव्हे, रचनेचा परत परत येणारा तुकडा) छोटे आहेत: अँटिफ्लुओराइटचा प्रिमिटिव्ह सेल ३ अणूंचा, हेक्सागोनलचा ६, ऑर्थोऱ्हॉम्बिकचा १२.

एनर्जीची तुलना करायची नाही, एन्थाल्पीची करायची, म्हणजे ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. शून्य दाबाला दुसरा भाग गायब असतो म्हणून मोकळी रचना जिंकते, दाब वाढला की ज्याचं आकारमान कमी त्याची बाजू वरचढ होत जाते. तिन्ही रचना वेगवेगळ्या टार्गेट दाबाला व्हेरिएबल सेल रिलॅक्स करा, म्हणजे युनिट सेलचा आकार आणि अणूंच्या जागा दोन्ही मोकळ्या सोडून, ०, २, ४ असं २४ गिगापास्कलपर्यंत, एका फॉर्म्युला युनिटमागे एन्थाल्पी काढा आणि पहिल्या रचनेपासूनचा फरक प्लॉट करा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो ट्रान्झिशनचा दाब.

मुलं हमखास अडकतात त्या जागा सांगतो. एस्प्रेसो दाब किलोबारमध्ये घेतं, १० किलोबार म्हणजे एक गिगापास्कल, हे विसरून ७.५ टाकला तर तुम्ही ०.७५ गिगापास्कलवर बसलेले असता. के-पॉइंटची (इलेक्ट्रॉनचा हिशोब ज्या बिंदूंवर होतो त्यांची) घनता तिन्ही रचनांना सारखी ठेवा, नाहीतर तुलनाच खोटी. रिलॅक्स संपल्यावर त्या शेवटच्या रचनेवर परत एकदा साधं एससीएफ (रचना न हलवता नुसती ऊर्जा काढणं) चालवा, कारण सेल बदलत असताना बेसिस सेट जुन्याच सेलचा राहिलेला असतो. सेमीकंडक्टरचा बँड गॅप दाबाखाली बंद होऊ शकतो म्हणून स्मिअरिंग लावून ठेवा. आणि आलेला आकडा प्रयोगाशी एक-दोन गिगापास्कलने चुकला तर घाबरू नका, हे गणित शून्य केल्व्हिनचं आहे आणि फंक्शनलला, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी वापरलेल्या अंदाजी सूत्राला, स्वतःच्या खोडी आहेत. आपल्याला इथून दाबाचा पट्टा आणि नवीन फेजचे पीक्स कुठे येतील एवढं हवंय. ते पीक्स व्हेस्टा या सॉफ्टवेअरमधून काढून, प्रिंट मारून, बीमलाइनवर, म्हणजे जिथे एक्स-रे घेणार तिथे, सोबत न्या. मी पहिल्या वेळी नेले नव्हते आणि ते तीन आठवडे त्यामुळेच गेले.

पायरी २: पावडर, आणि आपली हवा

हे गोव्याबाहेरच्या गाइडमध्ये तुम्हाला मिळणार नाही म्हणून जरा सविस्तर. मॅग्नेशियम सिलिसाइडला ओल आवडत नाही, आणि ॲसिड लागलं तर सिलेन गॅस सुटतो जो हवेत आपोआप पेटू शकतो, त्यामुळे ॲसिडच्या बाटल्यांच्या टेबलावर हे काम अजिबात करायचं नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले कपडे बुरसतात, तिथे बारीक पावडरीचं काय होत असेल विचार करा. माझी एक बॅच चवथीच्या सुट्टीत साध्या झाकणाच्या बाटलीत राहिली, परत येऊन पॅटर्न घेतला तर मॅग्नेशियम ऑक्साइडचे पीक्स आणि वर रुंद कुबड. फेकून द्यावी लागली.

तर ग्लोव्हबॉक्स असेल तर तिथेच दळा. नसेल तर डेसिकेटर, सिलिका जेल निळं आहे ना ते रोज बघायचं, गुलाबी झालं की ओव्हनमध्ये भाजायचं. अॅगेटच्या खलात दोन-चार मायक्रॉनपर्यंत बारीक करा, घाई न करता, कारण जोरात घासलं तर दाणे आतून ताणले जातात आणि पीक्स सुरुवातीलाच रुंद होतात. मग साध्या दाबाला एक चांगला पॅटर्न घेऊनच ठेवा. लॅटिस पॅरामीटर, म्हणजे युनिट सेलच्या बाजूची लांबी, ६.३५ आंगस्ट्रॉमच्या आसपास आला पाहिजे, पहिले चार पीक्स ३.६७, ३.१८, २.२५ आणि १.९२ आंगस्ट्रॉमला, त्यात २.२५ वाला सगळ्यात उंच. इथेच काही जास्तीचं दिसलं तर पुढे जाऊ नका.

पायरी ३: सेल आणि गॅस्केट

डायमंड अँव्हिल सेल १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झाला, आणि त्यांना सुरुवातीचे हिरे मिळाले ते सरकारने स्मगलरांकडून जप्त केलेल्या मालातून. दोन हिरे, टोकं घासून सपाट केलेली, समोरासमोर. त्या सपाट टोकाला क्युलेट म्हणतात. जागा छोटी म्हणून दाब मोठा, एवढंच गुपित. ५०० मायक्रॉनचा क्युलेट धरा, क्षेत्रफळ ०.२ चौरस मिलिमीटरच्या जरा खाली, त्यावर १० गिगापास्कल हवा असेल तर लागणारा जोर सुमारे २००० न्यूटन, म्हणजे २०० किलोचं वजन. हे चार स्क्रू आणि अॅलन कीने सहज होतं.

हिरे समोरासमोर नीट जुळलेत का हे आधी मायक्रोस्कोपखाली बघा. दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणली की प्रकाशाचे रंगीत पट्टे दिसतात, ते कमी करत करत एकच रंग राहिला म्हणजे टोकं समांतर. याला अर्धा दिवस गेला तरी चालेल, इथे वाचवलेला वेळ हिरा फुटून वसूल होतो.

गॅस्केट म्हणजे दोन हिऱ्यांमधला पत्रा, त्याच्या भोकात आपलं सँपल. २५० मायक्रॉनचा स्टीलचा पत्रा घ्या आणि हिऱ्यांनीच दाबून मधला भाग ५० मायक्रॉनपर्यंत खाली आणा, मग बरोबर मध्यात १५० मायक्रॉनचं भोक, स्पार्क इरोजनने किंवा लेझरने. भोक क्युलेटच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं, त्याहून मोठं नको. दाबताना पत्रा कुठल्या दिशेला होता ती खूण मार्करने करा आणि परत तसाच बसवा. भोकाच्या कडेला कूस राहिली असेल तर सुईने काढा आणि ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक द्या.

पुढे दाब वाढवताना भोकावर सतत डोळा हवा. भोक हळूहळू लहान होत गेलं तर ठीक. मोठं व्हायला लागलं तर गॅस्केट जाड राहिलंय, किंवा एका बाजूला सरकायला लागलं तर भोक मध्यात नाही. दोन्ही वेळी थांबायचं, दाब सोडायचा आणि नवीन गॅस्केट. अजून दोन गिगापास्कल काढू असा मोह होतो, मलाही झालाय, आणि हिऱ्याची किंमत त्या दोन गिगापास्कलपेक्षा फार जास्त आहे.

पायरी ४: भरणं

सँपलची पावडर आधी दोन हिऱ्यांमध्ये दाबून पातळ पापुद्रा करा, १०-१५ मायक्रॉन जाड, त्याचा ५० मायक्रॉनचा तुकडा सुईच्या टोकाने उचलून भोकात ठेवा. भोक भरून टाकायचं नाही. सँपल जाड झालं की दाब वाढल्यावर दोन्ही हिरे त्यालाच थेट चिमटतात, मग भोवतीचं द्रव असून नसल्यासारखं.

सोबत रुबीचे दोन बारीक गोळे, एक मध्ये सँपलजवळ आणि एक कडेला. दोन का ते पुढे. आणि चिमूटभराहूनही कमी सोन्याची पावडर, एक्स-रेमधून दाब पडताळायला.

आता दाब सगळीकडून सारखा पोचवणारं माध्यम. मिथेनॉल आणि इथेनॉल चारास एक, हे मिश्रण साधारण १० गिगापास्कलपर्यंत खरंच द्रवासारखं वागतं, त्यानंतर काचेसारखं घट्ट होतं. सिलिकॉन ऑइल भरायला सोपं पण दाब असमान व्हायला फार लवकर सुरुवात होते. सगळ्यात चांगले हिलियम आणि निऑन, पण त्यांना गॅस लोडिंगचं मशीन लागतं.

आपल्याकडची अडचण अशी की अल्कोहोलचं मिश्रण उन्हाळ्यात थेंब टाकेपर्यंत उडून जातं, आणि म्हणून बाटली फ्रिजमध्ये थंड केली तर उघडल्याबरोबर आपल्या दमट हवेतलं पाणी तिच्यात उतरतं, जे या सँपलला नकोच आहे. मी करतो ते असं: नवीन सीलबंद कोरडं अल्कोहोल, त्यात मॉलिक्युलर सिव्ह, बाटली रूमच्या तापमानाला, आणि एसी व डीह्युमिडिफायर दोन तास आधीपासून चालू. सेल जवळजवळ बंद करून ठेवायचा, फक्त केसाएवढी फट, बाजूने सिरिंजने भरपूर थेंब सोडायचा आणि त्याच क्षणी स्क्रू आवळायचे. लगेच मायक्रोस्कोपखाली बघा, गोल बुडबुडा दिसला तर परत. मला सहाव्या प्रयत्नात जमलं होतं, हाताला सवय लागते.

पायरी ५: दाब मोजणं

रुबीवर हिरवा लेझर टाकला की ती लाल चमकते, साध्या दाबाला मुख्य रेषा ६९४.२ नॅनोमीटरला असते आणि दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटर लालकडे सरकते. १९७२ मध्ये ही युक्ती सापडली तेव्हा कुठे हा सेल खऱ्या अर्थाने कामाचा झाला. ५ गिगापास्कलला सरक होते १.८ नॅनोमीटर, साधा स्पेक्ट्रोमीटर पुरतो. लेझरचा गॉगल घातल्याशिवाय हे करायचं नाही, हिऱ्यावरून किरण कुठेही उसळतो.

पण रुबी तापमानालाही सरकते, दर अंशाला साधारण ०.००७ नॅनोमीटर. शून्य दाबाची रेषा तुम्ही एसीत २४ अंशाला घेतली आणि मध्येच लाइट गेली, रूम ३१ वर आली, तर ७ अंशांचे झाले ०.०५ नॅनोमीटर, म्हणजे ०.१३ गिगापास्कल जो मुळात नाहीच. पावसाळ्यात लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही त्यामुळे प्रत्येक मापाशेजारी तापमान लिहाच, आणि एक मोकळी रुबी सेलबाहेर ठेवून तिची रेषा दर वेळी घ्या.

मधली आणि कडेची रुबी वेगवेगळे दाब दाखवायला लागल्या की समजायचं माध्यम घट्ट झालं. रुबीच्या दोन रेषा एकमेकींत मिसळून रुंद झाल्या तरी तेच. हा फरक वहीत लिहायचा, लपवायचा नाही.

स्क्रू समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे फिरवायचे. फिरवल्यावर १५-२० मिनिटं थांबा कारण दाब सरकत राहतो, आणि एक्स-रेच्या आधी व नंतर असा दोनदा मोजा. सुरुवातीला एकेक गिगापास्कलची पावलं चालतील, ६ च्या पुढे ०.३ ची.

पायरी ६: एक्स-रे

लॅबमधलं कॉपरचं मशीन इथे उपयोगाचं नाही, १.५४ आंगस्ट्रॉमचा किरण हिऱ्यातच बराच शोषला जातो आणि सेलची खिडकी अरुंद असल्याने पीक्सही फार थोडे मिळतात. मोलिब्डेनमवर जमतं पण वेळ लागतो. खरी जागा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून खूप प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र. आपल्याला जवळचा इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला इंडस-२, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तिथे प्रपोजल लिहून वेळ मागायचा. मडगावहून कोकणकन्या किंवा मांडवीने मुंबई आणि पुढे अवंतिका, सेल मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायचा, सोबत भोक पाडलेली जास्तीची चार-पाच गॅस्केट्स, कारण तिथे पोचून गॅस्केट बिघडलं तर बीमटाइम गेला.

समजा ०.६ आंगस्ट्रॉमचा किरण मिळाला. साध्या दाबाला आपला उंच पीक १५.३६ अंशाला दिसेल. या कंपाउंडचा बल्क मॉड्युलस (दाबायला किती कठीण त्याचं माप) ५७ गिगापास्कलच्या आसपास धरला तर ५ गिगापास्कलला आकारमान ७ टक्क्यांच्या वर कमी होतं, लॅटिस पॅरामीटर ६.१९ वर येतो आणि पीक जातो १५.७५ अंशाला. चार दशांश अंश. म्हणजे डिटेक्टरचं अंतर चुकलं तर सगळं चुकलं. म्हणून सिरियम डायऑक्साइडने कॅलिब्रेशन करायचं, आणि ते सँपल जिथे बसणार नेमक्या त्याच अंतरावर.

चित्र आलं की डायोप्टास या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि इंटिग्रेट करायच्या (रिंगांचा ओळीचा प्लॉट करायच्या) आधी नुसतं डोळ्यांनी बघा. हिऱ्याचे जाडजूड ठिपके मास्क करा. सँपलच्या रिंगा सलग आहेत की ठिपक्याठिपक्यांच्या, हे तिथेच कळतं, एकदा ओळीचा प्लॉट झाला की ती माहिती गेली.

पायरी ७: नवीन पीक आला. आता?

इथे घाई केली की माझ्यासारखे तीन आठवडे जातात.

पहिला संशय गॅस्केटवर. किरणाची कड स्टीलला लागली तर २.०७ आंगस्ट्रॉमजवळ पीक येतो, आणि हे स्टील दाबताना, वाकवताना थोडं थोडं मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे स्टीलच्याच दुसऱ्या रचनेत, बदलतं ज्याचा पीक २.०३ ला. म्हणजे गॅस्केटमध्येच फेज ट्रान्झिशन होतं! पडताळणी सोपी: किरण मुद्दाम गॅस्केटवर नेऊन एक चित्र घ्या, दर दाबाला.

दुसरा माध्यमावर. निऑन वापरला असेल तर तो ४.८ गिगापास्कलच्या आसपास गोठतो आणि पुढे स्वतःचे पीक्स देतो, तेही एफसीसी, अगदी स्वच्छ. सँपल नसलेल्या कोपऱ्यातलं चित्र घ्या. रुबी आणि सोन्याचे पीक्स कुठे ते तर आधीच माहीत असायला हवं.

तिसरा असमान दाबावर. त्याने क्युबिकचे पीक्स रुंद होतात, कधी फुटल्यासारखेही दिसतात आणि माणूस म्हणतो सिमेट्री उतरली. १० गिगापास्कलच्या वर अल्कोहोलमध्ये घेतलेल्या डेटात हे दिसलं तर तोच प्रयोग निऑन किंवा हिलियममध्ये केल्याशिवाय मी ते मान्य करत नाही, कुणाचंही असो.

यातून जो पीक वाचला त्याला विचारायचं: दाब वाढवला की तू वाढतोस का आणि जुना उतरतो का? मॅग्नेशियम सिलिसाइडमध्ये दोन्ही फेज काही दाबापर्यंत एकत्र दिसतात, हे पहिल्या प्रकारच्या ट्रान्झिशनचं लक्षणच आहे. मग पायरी १ मध्ये काढलेल्या अँटिकोटुनाइटच्या यादीशी जुळवा, एक पीक नाही, निदान सहा-सात. त्यानंतर जीसॅस-टू किंवा फुलप्रॉफ सॉफ्टवेअरमध्ये आधी ले बेल फिट (फक्त पीक्सच्या जागा जुळवणारं), आणि इंटेन्सिटीवर विश्वास बसेल इतक्या रिंगा सलग असतील तरच रिटव्हेल्ड, ज्यात पीक्सच्या उंचीवरून अणूंच्या जागाही काढतात. ठिपक्यांच्या रिंगांवर रिटव्हेल्ड करून अणूंच्या जागा दशांशाच्या चौथ्या आकड्यापर्यंत देणारे पेपर दिसतात, ते आकडे मी वापरत नाही.

पायरी ८: आकारमानाचा आलेख

प्रत्येक दाबाचं एका फॉर्म्युला युनिटमागचं आकारमान दाबासमोर मांडा. फेज बदलली तिथे पायरी दिसते. प्रत्येक फेजला वेगळं बर्च-मुर्नाघन, म्हणजे दाब आणि आकारमान जोडणारं समीकरण, फिट करा, ईओएसफिट सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांचं काम. पॉइंट कमी असतील तर बल्क मॉड्युलसचा दाबासोबतचा डेरिव्हेटिव्ह ४ वर बांधून ठेवा, मोकळा सोडला तर तो आणि बल्क मॉड्युलस एकमेकांना ओढत बसतात आणि काहीही उत्तर येतं.

अजून एक प्लॉट जरूर काढा, नॉर्मलाइज्ड दाब विरुद्ध युलेरियन स्ट्रेन (सँपल किती आकसलं त्याचं माप). चांगल्या डेटाची इथे सरळ रेषा येते, आडवी आली तर डेरिव्हेटिव्ह ४. मध्येच रेषेला कोपरा आला आणि पॅटर्नमध्ये नवीन पीक नसेल, तर युरोपियम-कोबाल्ट-फॉस्फाइडसारखी रचना न बदलता आतून काही घडण्याची शक्यता, किंवा त्याच दाबाला माध्यम गोठलं. दुसरी शक्यता आधी तपासा. टेट्रागोनल किंवा हेक्सागोनल कंपाउंड असेल तर सी भागिले ए वेगळं काढा, आकारमानात न दिसणारी गोष्ट तिथे दिसते.

पायरी ९: परत खाली

वर जाताना डेटा घेऊन लोक सेल उघडून टाकतात. तसं करू नका, बीमटाइमचे शेवटचे चार तास उतरण्यासाठी राखून ठेवा. स्क्रू अगदी हळू सोडा, हिरे बऱ्याचदा चढताना नाही तर उतरताना फुटतात. जुनी फेज ७.५ लाच परत येते की बरीच खाली उतरून, तो फरक म्हणजे हिस्टेरिसिस, आणि त्यावरून कळतं की रचना बदलायला अणूंना किती अडथळा ओलांडावा लागतो. खरा समतोलाचा दाब या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो, त्यामुळे दोन्ही आकडे लिहायचे.

शेवटचं चित्र शून्य दाबाला, सेल न उघडता. लॅटिस पॅरामीटर परत ६.३५ वर आला का बघा. नाही आला तर अजून दाब अडकलाय किंवा सँपल खराब झालंय. मग सेल उघडा, गॅस्केटचा मायक्रोस्कोपखाली फोटो काढा, भोक कुठे सरकलं ते दिसेल असा, आणि ते गॅस्केट तारीख व रनचा नंबर टाकून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. माझ्याकडे पहिल्या रनचं अजून आहे, २.०३ वाला पीक कुठून आला ते शेवटी त्याच्यावरच किरण टाकून कळलं होतं.